टपालाने आलेली विद्या

इसवी सन १७२८ च्या मार्च महिन्यात ‘बॉस्टन गॅझेट’ या वृत्तपत्रात एक छोटीशी जाहिरात छापून आली. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि बॉस्टन हे तिथले एक मोठे बंदर. जाहिरात देणाऱ्या गृहस्थांचे नाव होते केलब फिलिप्स. आपण लघुलेखनाची नवी पद्धत शिकवतो, आणि जे शहरापासून लांब राहतात त्यांनाही दर आठवड्याला धडे पाठवून देऊ. प्रत्यक्ष बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकीच त्यांनाही ही विद्या अवगत होईल, अशी त्यांची ग्वाही होती.

आज आपल्या हातातल्या फोनवर दर पाच मिनिटांनी डोकावणारी ‘घरबसल्या चित्रकला शिका’, ‘घरबसल्या कथालेखन शिका’ ही जी आमंत्रणे आहेत, त्यांची पणजी ही अशी जवळजवळ तीनशे वर्षांची आहे. बोलणेही तिचेच आहे. अंतर आड येणार नाही, शहरातल्याला जे मिळते तेच तुम्हाला मिळेल, आणि त्याचे मोल अमुक. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांतून हा हिशेब चाललेला असतो. मुलीला रंगपेटी घ्यावी की वर्षभराची वर्गणी भरावी? पैसे तर द्यायचे, पण ते विद्येला लागतील की नुसते जातील? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सापडायचे नाही. ते शोधायला थोडे मागे जावे लागते.

फिलिप्सनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८४० साली, इंग्लंडात एका पेनीत कुठेही पत्र पोचवण्याची पद्धत सुरू झाली. पत्र पाठवणे ही तोपर्यंत खिशाला चाट होती. आता ते गरिबाच्याही आवाक्यात आले. आयझॅक पिटमन या शाळामास्तराने ही संधी नेमकी हेरली. १८३७ साली त्याने आपली लघुलिपी प्रसिद्ध केली होती. टपाल स्वस्त होताच त्याने ती शिकवण्यासाठी पत्रांची ये-जा सुरू केली. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, आणि तो तपासून, चुका दुरुस्त करून परत यायचा. पिटमनचे मोठेपण लिपीत आहे, असे आपण समजतो. मला ते या परतीच्या टपालात दिसते. धडा पाठवणे सोपे आहे, तो छापखान्याचे काम करतो. शिकणाऱ्याने चुकतमाकत केलेले परत मागवणे, ते डोळ्यांखालून घालणे आणि ‘इथे रेघ जाड हवी’ असे लिहून पाठवणे, हे मात्र माणसालाच करावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

पिटमनचे काम त्या मानाने सोपेही होते. लघुलिपीत बरोबर म्हणजे बरोबर आणि चूक म्हणजे चूक. चित्रात तसे नाही. गोष्टीत तर मुळीच नाही. म्हणून कलेची विद्या टपालाने विकायला लोक निघाले, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात १९१४ पासून व्यंगचित्रे टपालाने शिकवणारी एक शाळा होती. तिचे नाव पुढे ‘आर्ट इन्स्ट्रक्शन’ असे झाले. ‘हे चित्र काढून पाठवा’ अशा तिच्या जाहिराती आगपेट्यांवरसुद्धा छापलेल्या असत. नदीपलीकडच्या सेंट पॉल गावात एक न्हावी राहत असे. त्याच्या मुलाला चित्रांचे वेड. आईने जाहिरात पाहिली आणि मुलाला दाखवली. फी होती १७० डॉलर. न्हाव्याच्या मिळकतीला ही रक्कम झेपणारी नव्हती. बापाने ती हप्त्याहप्त्याने फेडली. मुलगा इतका भिडस्त की शाळा नदी ओलांडली की होती, तरी तो आपले धडे घेऊन कधी तिथे गेला नाही, टपालानेच पाठवत राहिला. मुलांची चित्रे काढण्याच्या पाठात त्याला ‘सी प्लस’ मिळाला, म्हणजे जेमतेम मधला शेरा. या मुलाचे नाव चार्ल्स शुल्झ. युद्धावरून परतल्यावर तो त्याच शाळेत धडे तपासण्याच्या नोकरीला लागला, आणि २ ऑक्टोबर १९५० पासून त्याची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका वृत्तपत्रांतून येऊ लागली. तीतला चार्ली ब्राउन आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. ते नाव त्याने शाळेतल्याच एका सहकाऱ्याचे घेतले. जन्मभर त्याने काढली ती मुलांचीच चित्रे. ‘सी प्लस’ देणारा तपासनीस पुढे काय म्हणाला असेल, कोण जाणे!

या गोष्टीतून ‘बघा, पैसे भरले म्हणून शुल्झ झाला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्या शाळेच्या विक्रेत्यांनाही तो झाला असेल. पण तीच फी भरलेले इतर हजारो जण होते, आणि त्यांची चित्रमालिका कुठे आली नाही. मला वाटते, शुल्झला फीच्या मोबदल्यात दोन गोष्टी मिळाल्या. एक, दर काही दिवसांनी चित्र पुरे करून पाकिटात घालण्याची सक्ती. दुसरी, ते पाहणारा एक अनोळखी डोळा. आई-बाप ‘छान’ म्हणतात. अनोळखी डोळा ‘सी प्लस’ म्हणतो.

याच वाटेवर १९४८ साली एक मोठा डौलदार रथ निघाला. कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट गावी अल्बर्ट डॉर्न या चित्रकाराने ‘फेमस आर्टिस्ट्स स्कूल’ काढले. डॉर्न न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला. घर चालवण्यासाठी त्याला सातवीनंतर शाळा सोडावी लागली होती. स्वतःच्या बळावर तो जाहिरातींच्या चित्रकलेत शिखरावर पोचला. त्याने आपल्याभोवती नामांकित अशा अकरा चित्रकारांना गोळा केले. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ची मुखपृष्ठे काढणारा नॉर्मन रॉकवेल त्यांत होता. म्हणजे एकूण बारा नावे. चोवीस पाठ होते, आणि ते सुट्या पानांच्या जाड बांधणीत घरी येत. ती पाने आजही कुठे जुन्या बाजारात मिळाली तर चित्रकार ती सोडत नाहीत. इतके उत्तम लिहिलेले आणि चितारलेले पाठ्यपुस्तक त्या काळात विरळा होते. विद्यार्थ्याने चित्र पाठवले की तपासनीस त्यावर पारदर्शक कागद ठेवी आणि हात कुठे वळला पाहिजे, सावली कुठून पडली पाहिजे, ते त्यावर काढून दाखवी. खाली मूळ चित्र, वर दुरुस्ती. सोबत एक पत्र. आमच्या चित्रकलेच्या तासाला सत्तर मुलांच्या वर्गात हे एकदाही घडत नाही.

अर्थात हा तपासनीस म्हणजे रॉकवेल नव्हे. जाहिरातीत चेहरा रॉकवेलचा, पण पारदर्शक कागदावर चालणारा हात एका पगारी चित्रकाराचा. चित्रकलेत हे खपून गेले, कारण तो पगारी हातही कसलेला असे. पण १९६१ साली याच मंडळींनी ‘फेमस रायटर्स स्कूल’ काढले आणि तिथे गाडे घसरले. रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे बेनेट सर्फ आणि त्यांच्यासारखे आणखी चौदा जण ‘मार्गदर्शक’ म्हणून फोटोसाठी बसले. जाहिरातीचा रोख असा की ही मोठी माणसे तुमच्यातला लेखक शोधत आहेत. मग घरी विक्रेता यायचा आणि कराराच्या कागदावर सही घ्यायचा.

अशीच एक सही ७२ वर्षांच्या एका विधवा बाईंनी केली. उत्पन्न तुटपुंजे, आणि पुरी फी तर ७८५ डॉलर, हप्त्यांनी भरल्यास त्याहूनही जास्त. भानावर आल्यावर त्या ऑकलंडच्या एका वकिलाकडे गेल्या. वकिलाने पत्र धाडले आणि पैसे परत आले. प्रकरण तिथे संपायचे. पण त्या वकिलाची पत्नी जेसिका मिटफर्ड होती आणि ती हाडाची शोधक लेखिका. तिने विद्यापीठे पालथी घातली, विक्रेत्यांशी आणि मार्गदर्शकांशी बोलली. खुद्द बेनेट सर्फना तिने विचारले की, तुमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांची किती पुस्तके तुमच्या संस्थेने छापली? आपण ज्याचे पुस्तक छापू, त्याला लिहायला शिकण्यासाठी टपालाचा अभ्यासक्रम कशाला लागेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी हसत हसत देऊन टाकले! मिटफर्डचा लेख एकदोन मासिकांकडून परत येऊन अखेर १९७० च्या जुलैमध्ये ‘अटलांटिक’ मासिकात छापला गेला. १९७२ साली संस्थेचे दिवाळे वाजले.

मिटफर्डच्या लेखातला बोचरा भाग जाहिरातीविषयीचा नाही. जाहिरात ही थोडीफार फुगलेली असणार, हे शेंबडे पोरही जाणते. बोचतो तो हिशेब. शाळेच्या पटावर सुमारे ६५,००० नावे होती. तपासनीस काही डझन. सगळ्यांनी नेमाने पाठ लिहून पाठवले असते, तर ते तपासणे अशक्यच होते. तरीही धंदा चालला, कारण बहुतेक जण दोनचार पाठांनंतर गळत. करार मात्र पुऱ्या फीचा. जो गळला त्याचे पैसे जमा आणि काम शून्य. म्हणजे शाळेला सर्वांत फायद्याचा विद्यार्थी कोण, तर जो शिकत नाही तो. आम्ही मास्तर लोक आळशी मुलांवर चिडतो. इथे आळशी मुलगा हाच धनको!

आपल्याकडची हकीकत निराळ्या वळणाने जाते. विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. घराण्यांच्या पोटात दडलेल्या बंदिशी त्यांनी देशभर हिंडून गोळा केल्या आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. ज्या चिजेसाठी शिष्याला वर्षानुवर्षे उस्तादाच्या दारात बसावे लागे, ती चार पैशांत विकत मिळू लागली. घरबसल्या संगीत शिका, असे म्हणायला याहून चांगला मुहूर्त कोणता? पण छापील पुस्तकावर विसंबून राहणारा तो पुरुष नव्हता. १९२६ साली लखनौला मॉरिस कॉलेज उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला; पुस्तके होती तरी गुरू आणि शिष्य एका खोलीत बसवले. कारण गंधार किंचित उतरला, हे पुस्तकाला ऐकू येत नाही.

आता आजच्या काळाकडे येऊ. सबस्क्रिप्शन या शब्दाला आपल्याकडे ‘वर्गणी’ हा जुना घरगुती शब्द आहे. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तीही वाचकांच्या आश्रयावरच आजवर तगली. अंक आपण वाचला नाही तरी शेजारी वाचतो, निदान प्रवासात कोणीतरी मागून घेतो. न पाहिलेल्या धड्याचे तसे होत नाही. तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही आणि पैसे मात्र दरमहा जात राहतात.

हे नुसते म्हातारपणीचे कुरकुरणे नाही. २००६ साली डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या सभासदांच्या नोंदी तपासून एक निबंध लिहिला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारच वेळा येत. एका खेपेला १७ डॉलरहून अधिक पडले. आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप पडत होती १० डॉलरला! प्रत्येकाने वर्गणी भरताना आपण उद्यापासून रोज येऊ, असे मनापासून धरले होते. उद्याचा माणूस आजच्यापेक्षा नेहमीच उद्योगी असतो.

कलेचे धडे वर्गणीवर देणाऱ्या ज्या संस्था आज आहेत, त्यांत ‘स्किलशेअर’ २०१० साली न्यूयॉर्कला निघाली. आरंभी ती प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गांच्या जागा विकत असे. पुढे सारे पडद्यावर आले आणि २०१४ पासून एकच वर्गणी भरून हवे ते पाहण्याची सोय झाली. शिकवणाऱ्याला मोबदला मिळे तो वर्गणीदारांनी त्याचा धडा किती मिनिटे पाहिला, यावर. शिकणाऱ्याचा हात सुधारला की नाही, हे मिनिटांत मोजता येत नाही. ‘मास्टरक्लास’ २०१५ साली सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे तीनच शिक्षक होते. नट डस्टिन हॉफमन, टेनिसपटू सेरेना विल्यम्स आणि कादंबरीकार जेम्स पॅटरसन. एकेका वर्गाची किंमत ९० डॉलर. ही नावे वाचली की वेस्टपोर्टच्या बारा जणांची आठवण होते. फरक एवढाच की इथे रॉकवेल स्वतः बोलतो, आणि तपासनीस सहसा कोणीच नसतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या पडद्यावरील अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख आला. फुकट आणि पैसे भरून येणारे असे सगळे धरले तर २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पुरा करणारे निघाले शेकडा तीनच्या आसपास. पण ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांतले शेकडा ४६ शेवटपर्यंत गेले. पैशाने निष्ठा आली की निष्ठावानांनीच पैसे भरले, हा वाद राहतो. तरी फुकटच्या धड्यांचे गुणगान करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेने मला शिक्षकखोलीत गाठले. त्यांच्या मुलीला इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि तिला जलरंग शिकवणाऱ्या एका संस्थेची वर्षाची वर्गणी हवी होती.

“सर, महिन्याची घेतली तर महाग पडते हो. वर्षाची एकदम भरली की निम्म्यात येते.”

“वर्षाची निम्म्यात येते, कारण पुष्कळ जण महिनाभरच बघतात,” मी म्हणालो. “तिची चित्रे कोण बघणार आहे?”

“त्या व्हिडिओतल्या मॅडम.”

“त्या बघणार, की ती त्यांची बघणार?”

बाई गप्प झाल्या. मी जिंकलो, असे मला वाटले असेल नसेल, तोच दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, “काका, चुका काढायला आपले जुने ड्रॉइंगचे सर आहेतच. मला ब्रशवर पाणी किती घेतात ते बघायचंय. ते पुस्तकात दिसत नाही.”

या मुलीने माझ्या इतिहासात एक ओळ घातली. डॉर्नच्या चोवीस पाठांत सारे होते, पण रॉकवेलचा हात चालताना दिसत नव्हता. कुंचला कागदाला टेकण्याआधी किती निथळला, आकाशाचा रंग ओला असतानाच ढग कसा उचलला, हे तेव्हा ज्याला खांद्यावरून डोकावायला मिळे त्यालाच कळे. आणि त्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जावे लागे. पडद्याने ते तालुक्याच्या गावी आणून दिले, आणि हवे तितक्या वेळा थांबवून पाहण्याची सोय केली. टपालाच्या काळी दुरुस्ती मिळे पण हात दिसत नसे. आता हात दिसतो आणि दुरुस्ती नाही. जी अर्धी वस्तू विकत मिळते तिला तिच्यापुरते मोल आहे. तिच्यासाठी पुऱ्या वस्तूचे दाम मोजायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि ती दुसरी अर्धी ज्याच्या गावात आहे, त्याला वर्गणी स्वस्त पडते. ज्याच्या गावात नाही, त्याला ती महाग.

लेखनाच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही आणि कादंबरी कशी लिहावी हे मला कोणी शिकवले नाही. पण पहिल्या हस्तलिखितावर एका संपादकांनी तांबड्या पेन्सिलीने जी रेघोटी ओढली, ती मी अजून जपून ठेवली आहे. कादंबरीकाराचा हात चालताना पाहून काही कळत नाही. तो खिडकीबाहेर बघत बसलेला दिसतो.

व्यवहाराची एक गोष्ट मी बाईंना सांगितली. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून अशी आपोआप जाणारी वर्गणी कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी बँकेने कळवावे लागते. तो संदेश पुसून टाकायचा नाही. तो आला की त्या महिन्यात काढलेली चित्रे टेबलावर मांडायची आणि मोजायची. बाईंनी एका महिन्याचीच वर्गणी भरली. संदेश आला तेव्हा मुलीची नऊ चित्रे झाली होती. ड्रॉइंगच्या निवृत्त सरांनी त्यांतली चार बाजूला सारली, एकावर पेन्सिलीने क्षितिजाची रेघ खाली ओढून दिली आणि बाकीच्यांवर काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्याचे पैसे भरायचे की त्या पैशांत चांगला कागद आणायचा, यावर मायलेकींचे दोन दिवस चालले होते. शेवटी कागद आला.